आजीनं कुणाला मत दिलं?

आमचे आजोबा बोलायचे ते पेज जेवताना. उकड्या तांदळाची पेज, शेजारी मिस्कुटीची फोड, की पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राजवटीतली एखादी गोष्ट निघालीच. "तेव्हाही इलेसांव व्हायची, बाबा," असं ते म्हणाले की आम्ही पोरं हसायचो.

पण निवडणूक व्हायची, हे खरं. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालात संसद होती, मतपेटी होती. गोव्यातूनही लिस्बनला प्रतिनिधी जायचे, जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो द मेलो 1945 मध्ये तसेच गेले. नव्हता तो फक्त दुसरा पक्ष. मताचा हक्कही शिकलेल्यांना नाहीतर कर भरणाऱ्यांना. आमच्या घरात तो होता की नाही, यावर काका आणि आत्या अजून भांडतात. आत्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागली होती म्हणे. गोरज मुहूर्तात कसला आलाय राजद्रोह! अशा ठिकाणी प्रचारसभा कोण घेणार?

तिकडे पोर्तुगालात मात्र 1958 मध्ये जनरल उंबेर्तु देल्गादु राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि निवडून आलो तर सालाझारला काढून टाकीन, असं उघड बोलले. लोक रस्त्यावर लोटले. सरकारी आकड्यांत ते हरले, तरी सालाझारनं पुढच्याच वर्षी जनतेकडून ती निवडणूकच काढून घेतली. 1965 मध्ये स्पेनच्या सीमेजवळ देल्गादुंचा खून झाला. मारणारा काझिमिरु मोंतेरो. हे नाव ऐकलं की आजोबांचा हात पेजेच्या वाडग्यावर थांबायचा. गोव्यात पोलिसांत असताना या आजेंत मोंतेरोनं स्वातंत्र्यसैनिकांना काय मारलं होतं, ते त्यांच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नसे.

गोवामुक्तीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक 9 डिसेंबर 1963 ची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची (मगो) सिंहाची निशाणी, खाणमालक भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, हे सगळं पुस्तकांत आहे. आमच्या घरचा इतिहास निराळा. आजीला अक्षरओळख नव्हती. ती नऊवारी नेसून, अबोलीचा वळेसर माळून निघाली. देवळात जाताना घालायची तीच पुतळ्यांची माळ गळ्यात. परतल्यावर आजोबांनी विचारलं, कुणाला दिलंस? ती म्हणाली, "मागीर तो पडदो कित्याक घाल्लो?" म्हणजे, मग तो पडदा कशाला घातला? आजोबा दोन दिवस धुमसत होते, असं आत्या सांगते. काका म्हणतात, आठवडाभर.

महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या कौलाला तर घराचे दोन तट. आजोबा फुलाचे, म्हणजे महाराष्ट्राचे. धाकटे काका दोन पानांचे, म्हणजे वेगळ्या गोव्याचे. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. राज्यकर्त्यानं मतदानासाठी खुर्ची सोडायची, हे आजोबांना शेवटपर्यंत नवलाचं वाटे. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं आणि फूल 34,021 मतांनी हरलं. निकालाच्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. पण रात्री कुणाच्या दाराशी पोलिसांची जीप थांबली नाही. मार्चमध्ये पुन्हा निवडणूक झाली, आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्यानं बांदोडकरांना परत मुख्यमंत्री केलं.

आणि पोर्तुगाल? जिथून आमच्यावर हुकूम यायचे, तिथल्या लोकांना अशी मोकळी निवडणूक मिळाली ती 25 एप्रिल 1975 ला. आमच्या आजीनंतर अकरा वर्षांनी.