स्लोवर थरथरणारी गाडी आणि ठिणगीचा इतिहास

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या ऐकणाऱ्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "भाऊ, गाडी पळते मस्त, पण उभी केली की थरथर कापते. गॅरेजवाला म्हणते प्लग बदला, कॉइल बदला, इंजेक्टर साफ करा. काय करू?" आता हा आपला इतिहासाचा पॉडकास्ट आहे, गॅरेजचा नाही. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इतिहासातच सापडतं. म्हणून आजचा भाग स्पार्क प्लगवर.

सुरुवात आपल्या शकुंतलेपासून करू. मूर्तिजापूरहून बनोशावरून अचलपूरला जाणारी ही गाडी १९९४ पर्यंत वाफेवर धावायची. म्हणजे आग भट्टीत, आणि ताकद वाफेची. मग डिझेल इंजिन आलं आणि आग सिलिंडरच्या आत गेली. पण डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा एवढी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. शेतातला ट्रॅक्टर, सवारीची जीप, सगळं याच तत्त्वावर चालतं. पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला बरोबर वेळेवर कुणीतरी काडी ओढून द्यावी लागते. आणि ही काडी बंद डब्याच्या आत, दर सेकंदाला कित्येकदा ओढायची. मोटारगाडी बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच होती.

पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने १८६० साली गॅसवर चालणारं इंजिन बनवलं, त्यात विजेची ठिणगी होती. म्हणजे प्लगची कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. पण तिच्यावर भरवसा ठेवावा अशी ती अजून नव्हती. गॉटलिब डाइमलरने तर वेगळाच मार्ग धरला. त्याने सिलिंडरमध्ये एक बारीक नळी बसवली आणि बाहेरून बर्नरची ज्योत लावून ती लालबुंद ठेवली. विचार करा, पेट्रोलच्या टाकीपासून थोड्याच अंतरावर उघडी ज्योत, आणि वरती माणसं बसलेली! कार्ल बेंझने वीज वापरली, पण त्याच्या तारा आणि बॅटरीही रडवायच्याच.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था बेंझ दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास, मोटारगाडीचा जगातला पहिला लांबचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन विकत घेतलं ते औषधाच्या दुकानातून. मला ही गोष्ट फार आवडते. गाडी घरच्या माणसाने उघडायची नसते असं म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगावी. पहिल्या लांबच्या प्रवासात गॅरेज नव्हतंच, घरचंच माणूस होतं.

आज आपण ओळखतो तो प्लग कामाला लागला १९०२ मध्ये. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला. मधे धातूची दांडी, तिच्याभोवती चिनीमातीचं कवच, खाली इवलीशी फट. त्या फटीवरून हजारो व्होल्टची वीज उडी मारते, तीच ठिणगी. तत्त्व आजही तेच आहे. बदललं ते साहित्य. साधी चिनीमाती उष्णतेने तडकायची. १९३० च्या दशकात तिच्या जागी ॲल्युमिनाची भट्टीत भाजलेली सिरॅमिक आली.

पण एक शत्रू राहिलाच: काजळी. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर तापलं, तर त्याच्यावर बसलेला कार्बन जळून जातो, प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो. ८०० अंशांच्या वर गेलं, तर उलटं संकट. मग ठिणगी पडायच्या आधीच तापलेलं टोक पेट्रोल पेटवतं. प्लगने जगायचं ते या दोन आकड्यांच्या मधे. त्यात १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं घालायला लागले, इंजिन ठोकू नये म्हणून. त्या शिशाचे थर प्लगवर बसायचे, आणि माणसांच्या फुप्फुसात गेलं ते वेगळंच. भारतात शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आलं, देशभर यायला २००० उजाडलं.

आपल्याकडे प्लग बनवायला बेंगळुरूची मायको ही कंपनी १९५१ साली उभी राहिली, बॉशच्याच भागीदारीत. पण महाराष्ट्रातल्या घराघरात प्लग शिकवला तो पुण्याजवळच्या आकुर्डीने. १९७२ मध्ये बजाज चेतक आली. दोन-स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ते ऑइलही जळणार, आणि सगळं जळणार नाही. उरलेलं प्लगवर बसणार. सकाळी किक मारा, मारा, मारा, मग स्कूटर एका अंगाला कलती करा, मग पुन्हा किक. शेवटी डिकीतून प्लगपाना निघायचा. पॉलिश पेपरने टोक घासायचं, फुंकर मारायची, बसवायचं. मास्तर असो, बँकेतला कारकून असो, कपाशीचा व्यापारी असो, हे काम ज्याचं त्याला यायचं. लुनावाल्यांचंही तेच. आणि रेशनच्या स्वस्त रॉकेलची पेट्रोलमध्ये भेसळ व्हायची, तेव्हा पहिली चुगली प्लगच करायचा, काळाकुट्ट होऊन.

म्हणजे बघा, त्या पिढीला प्लग ही एक खिडकी होती. इंजिनच्या आत काय चाललंय ते तिच्यातून दिसायचं. बनोशातले एक जुने मिस्त्री मला नेहमी म्हणायचे, "आंधी प्लग काय म्हन्ते थे पाह्य, मंग सामान आन." हे वाक्य मी तुम्हाला आज द्यायला आलोय. कारण आपल्या पिढीने ती खिडकी बंद केली. आपला दोष नाही म्हणा. चार-स्ट्रोक आलं, शिसं गेलं, कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, इरिडियमचे प्लग आले जे लाखभर किलोमीटर जातात. जे बिघडत नाही ते कुणी उघडत नाही.

आणि इथेच थरथरीचा मुद्दा येतो. जुन्या कार्बोरेटरला स्लोचा एक स्क्रू असायचा. गाडी उभ्याने मिस करायला लागली की मिस्त्री तो थोडा पिळून स्लो वाढवायचा. थरथर झाकली जायची, बिघाड तिथेच राहायचा, पेट्रोल जास्त जायचं. आता तोच स्क्रू कॉम्प्युटर पिळतो. एक सिलिंडर कमजोर पडला की तो हवा-पेट्रोल कमी-जास्त करून स्लो सावरून धरतो, तुम्हाला सांगत नाही. त्याच्याही हाताबाहेर जातं तेव्हा तुम्हाला स्टीअरिंगमध्ये कंप जाणवतो. म्हणजे बिघाड आजचा नसतो.

उभ्यानेच का? ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० ठिणग्या पडतात. तीन सिलिंडरची छोटी गाडी असेल तर सेकंदाला सगळ्या मिळून २०. थ्रॉटल जवळजवळ बंद, मिश्रण थोडं, फ्लायव्हील हळू. त्यात एक ठिणगी चुकली की धक्का लपवायला काही नसतं. पळताना पुढची ठिणगी लगेच येते आणि गाडीचा वेगही सांभाळून घेतो. पण चिखलदऱ्याच्या घाटात तिसऱ्या गिअरला झटके बसत असतील, तर तीही इग्निशनचीच खूण असू शकते. जोर पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात.

हे सगळं मी एवढं लावून का धरतोय? आपल्याकडे घरात एकच गाडी असते, बरेचदा जुनी घेतलेली. रात्री कुणाला अमरावतीला किंवा अकोल्याला दवाखान्यात न्यायचं तर तीच काढायची. आणि कपाशीचे पैसे आले तर आले. अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेलं तर पाच-सात हजार कुठे जातात कळत नाही. मिसिंग तसंच ठेवून चालवलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो. तो सगळ्यात महाग.

तर घरी काय करायचं? इंजिन पूर्ण थंड, सकाळची वेळ. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग खोलला तर आटे जातात. कॉइल किंवा वायर काढली की आधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. आपली काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, ती सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टन घासेल. प्लगपाना बहुतेक नव्या गाड्यांना १६ चा लागतो, जुन्यांना २१ चा. एका वेळी एकच प्लग काढा, आणि कोणता कुठला ते लिहून ठेवा.

मग वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर तब्येतीत आहे. सगळेच कोरडे काळे असतील तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, आपल्या भागात मार्च-एप्रिलच्या धुळीत तो लवकर भरतो. एकच काळा आणि तेलकट असेल तर तिथे ऑइल जळतंय, नवा प्लग चार दिवस टिकेल. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर प्लग जास्त तापतोय, कुठूनतरी जादा हवा शिरत असेल किंवा प्लगच चुकीच्या नंबरचा असेल. इरिडियमचं टोक केसासारखं नाजूक, त्याला पॉलिश पेपर लावू नका. ते चेतकचं औषध आहे.

नवा प्लग बसवताना पाना नंतर, आधी हाताने. अडकला तर काढून पुन्हा. वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण बसला की पान्याने साधारण अर्धा फेरा, बस. फट किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, एक मिलिमीटरच्या आसपास.

आता तुमच्या हातातल्या मोबाइलचं काम. ओबीडीचा छोटा ब्लूटूथ रीडर मिळतो. पी ०३०१ असा कोड आला तर पहिला सिलिंडर मिस करतोय. लगेच कॉइल विकत घेऊ नका. गाडी बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, थोडं चालवा. कोड ०३०२ झाला तर कॉइलच खराब. ०३०१ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करून बघा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, मग मिस्त्रीकडे जा. पण जाताना एवढी माहिती घेऊन जा. जुने मिस्त्री चालू गाडीची वायर ओढून हे ओळखायचे. ते तुम्ही करू नका, तिथे पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात.

आणि कोडच नसेल, प्लग चारही तपकिरी असतील, तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा नाचत असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा फाटलेला हवेचा पाइप शोधा, बरेचदा सूं-सूं आवाज येतो. काटा स्थिर आणि तरी सीट थरथरत असेल, तर इंजिन बिचारं ठीक चाललंय. खालचे माउंटचे रबर बसलेत.

जाता जाता, बॉनेट उघडलंच आहे तर कूलंटची टाकीही बघा. आपला खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. पुढचा भाग त्या खाऱ्या पाण्यावरच करतोय, पूर्णेच्या खोऱ्यात ते आलं कुठून यावर.