साताऱ्याचा दरबार

पुण्याहून येताना नीरा ओलांडली की आमचे शिरवळ लागते आणि सातारा जिल्हा सुरू होतो. याच नीरेत, थोडे पूर्वेला, ज्येष्ठ-आषाढात माउलींच्या पादुकांना स्नान घडते आणि पालखी आमच्याच खंडाळा तालुक्यातल्या लोणंदला मुक्कामाला येते. अशा या जिल्ह्याच्या गावी, साताऱ्यास, 1917 साली एक ख्रिस्ती कवी मिशनची नोकरी व पगार सोडून संन्यस्त वृत्तीने राहायला आला. त्याचे नाव नारायण वामन टिळक. त्याने जी मंडळी जमवायची ठरवली, तिला नाव दिले 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे मुभा होती.

टिळक मूळचे कोकणातले, जन्म 1861 चा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबलातील नवा करार दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते मोकळेपणाने सांगत. परक्या चालीवरची भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीत त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन नेले. त्यांच्या धर्मांतराविषयी वारकऱ्याचे मत काहीही असो, शरणागतीची भाषा त्यांनी कुठून घेतली हे आपल्याला ओळखू येते.

शरणागती हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. देव नेईल तिकडे जायचे! पण जाणारा एकटा नसतो. टिळक देवामागे निघाले तेव्हा घरी लक्ष्मीबाई होत्या, पदरी लहान मूल होते. पतीने धर्म सोडल्याची बातमी त्यांना दूर राहून कळली. पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, त्यातला काही काळ खुद्द पंढरपुरात. नवरा जिवंत, आणि संसार मात्र मोडलेला. हे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे, आणि तेही हसत हसत. त्या हसण्याने वाचकाचा घसा जास्त दाटतो.

इथे विठ्ठलपंतांची आठवण होते. चरित्रकार सांगतात की ते आळंदीहून काशीला गेले आणि संन्यास घेतला. मागे रुक्मिणीबाई झुरत राहिल्या. पुढे त्यांच्या गुरूंना खरा प्रकार कळला, तेव्हा त्यांनी शिष्याला घरी परत पाठवले. या कथेतले वाळीत टाकणे आपण पुष्कळ आळवतो; गुरूच्या त्या आज्ञेपाशी मात्र थांबत नाही. वैराग्य खरे असले तरी घरातल्या माणसाला अंधारात ठेवून ते घेता येत नाही, असेच त्या गुरूंना वाटले असणार. टिळकांना परत पाठवणारे कोणी नव्हते. देवाने बोलावले म्हणून मी गेलो, हे त्यांचे म्हणणे खरे मानूनही लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांचा जमाखर्च त्यांच्याच नावावर पडतो, असे मला वाटते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी ते चालू दिले. पुढे त्यांच्या त्यांनाच विचार सुचला की या जाती देवाने नव्हे, माणसांनी केल्या. आणि तो पटल्यावर त्यांनी सोवळे सोडून दिले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती गेला म्हणून ती गेली, असे म्हणणे त्या बाईवर अन्याय करणारे आहे. तिचा देव तिला तिच्या चालीने घेऊन गेला, फार सावकाश, स्वयंपाकघरातून.

साताऱ्याचा दरबार फार दिवस चालायचा नव्हता. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. येशूचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लिहिणे-वाचणे लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि त्या ग्रंथातले बहुतेक अध्याय आज त्यांचे आहेत.