मोतीबिंदू, माता आणि जनगणना

१९४१ साली सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. जन्मजात व्यंग म्हणजे आनुवंशिक व्यंग, असे तेव्हा सर्रास मानले जाई. पण आनुवंशिक दोषाची अशी साथ कशी येईल? ग्रेग यांनी मातांकडे चौकशी केली. (बाहेर बसलेल्या माता आपसात बोलत होत्या, ते त्यांच्या कानावर पडले, असेही सांगतात.) बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, तीन-चार दिवसांत बरे; इतका किरकोळ आजार! १९४० मध्ये त्याची मोठी साथ आली होती. सहकाऱ्यांकडील बाळे धरून ७८ बाळांची माहिती जमली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी रुबेला झाला होता.

तरी १९४४ मध्ये 'लॅन्सेट'ने हे सिद्ध झालेले नाही, असे म्हटले. आम्हाला ही शंका अगदीच गैर वाटत नाही. व्यंग असलेल्या बाळांपासून मागे मातांकडे गेलो, तर रुबेला होऊनही ज्यांची बाळे धडधाकट जन्मली त्या माता मोजल्याच जात नाहीत.

मग पुरावा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. दरम्यान, अशी मुले मोठी होताना त्यांच्यात बहिरेपणाही आढळला होता. संख्याशास्त्रज्ञ लँकेस्टर यांनी जुन्या जनगणना तपासल्या. १९११ मध्ये १० ते १४ वयोगटात बहिऱ्यांची संख्या अवाजवी होती; १९२१ मध्ये तीच वाढ २० ते २४ वयोगटात दिसत होती. म्हणजे तीच मुले, दहा वर्षांनी मोठी झालेली! त्यांच्या जन्माच्या सुमारास, १८९८-९९ मध्ये, रुबेलाची साथ येऊन गेली होती. लँकेस्टर यांनी हे १९५१ मध्ये प्रसिद्ध केले.

रुबेलाचा विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत डोळे, कान, हृदय घडत असतात, म्हणून तेव्हाचा संसर्ग सर्वांत घातक. विषाणू १९६२ मध्ये वेगळा करता आला, लस १९६९ मध्ये आली. मधल्या १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे व्यंगासह जन्मली.

महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली, तीही मुलींबरोबर मुलग्यांना. मुलग्याला गर्भ राहत नाही हे खरे. पण वर्गात लागलेला रुबेला तो घरी नेतो, आणि घरात आई किंवा काकू गरोदर असू शकते.