टोपलीतला मुलगा जातो कोठे?



डमरू वाजला की मंडईपाशी किंवा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात माणसांचे कडे जमत असे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मदारी आपल्या जमुऱ्याला टोपलीत बसवी, वर चादर टाकी आणि टोपलीत तलवार खुपशी. पाहावे तो टोपली रिकामी! थोड्या वेळाने तोच मुलगा गर्दीच्या मागून हाका मारीत येई.

मुलगा जातो कोठे? कोठेच नाही. टोपलीचे तोंड अरुंद व पोट फुगीर असते. मुलगा आतल्या कडेने अंगाचे वेटोळे करून पडतो. मधली जागा मोकळी राहते, म्हणून मदारी खुशाल आत पाय घालून दाखवतो. तलवार कोठून घालायची हे दोघांचे आधीच ठरलेले असते. गर्दीमागून येणारा मुलगा पुष्कळदा त्याच चणीचा व तशाच कपड्यांतला दुसरा असतो. आपले लक्ष मात्र डमरूकडे आणि बडबडीकडे! यात मंत्र कसला? वर्षानुवर्षांची तालीम आहे.

‘गारुडी’ हा शब्द गरुडविद्येवरून आला, तर ‘मदारी’ हे नाव मकनपूरचे सूफी संत शाह मदार यांच्या परंपरेतील फकिरांवरून पडले. म्हणजे ही कलाही आपल्या मिश्र संस्कृतीचाच वारसा होय.

अदृश्य होण्याची हीच गंमत पुढे पडद्यावर आली. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून त्यांनी पडद्यावर चमत्कार दाखवले. युक्ती सोपी होती. कॅमेरा थांबवायचा, एका नटाने बाजूला व्हायचे, बाकीच्यांनी जागचे हलायचे नाही आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. चादरीचे काम कॅमेऱ्याने केले! त्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले.

रंगमंचावर ही विद्या पुण्याच्या जादूगार रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी देशोदेशी नेली. अनाथ विद्यार्थी गृहाच्या आधाराने ते शिकले. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. हातातील कसबाला शिक्षणाची जोड मिळाली की माणूस कोठवर जातो, हे या दोघांकडे पाहून कळते.

जमुऱ्याला ती जोड मिळाली नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ करून पैसे मागणेही भीक ठरवले. मुस्लिम मदारी व गारुडी यांची नोंद राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्कही दिला. परंतु पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्याच्या मुलाचे नाव हजेरीपटावर टिकणे कठीण. टोपलीतून नाहीसा झालेला मुलगा घटकाभरात परत येतो. शाळेतून नाहीसा झालेला मुलगा आपोआप परत येत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, असा खेळ पाहाल तेव्हा ‘हे कसे केले?’ असे अवश्य विचारा. आणि पालकहो, आपण एवढेच विचारा, ‘हा मुलगा कोणत्या शाळेत जातो?’ उत्तर मिळाले नाही, तर त्याला जवळच्या शाळेची वाट दाखवणे आपल्याच हाती आहे.