मायासिस (अळ्या पडणे)

माशीच्या अळ्या जिवंत माणसाच्या शरीरात वाढणे म्हणजे मायासिस. या विकाराचा विचार कुष्ठरोगापासूनच सुरू करावा. बधिर पायाची जखम दुखत नाही, झिजलेल्या नाकाला वास येत नाही. माशीला अंडी घालायला तेवढी सवड पुरते. म्हणून अळ्यांना गलिच्छपणाचा पुरावा मानणे रुग्णावर अन्यायच आहे. त्या म्हणजे मूळ आजाराची खूण आहे. मधुमेह आणि कुष्ठरोग तपासल्याविना निदान अपुरे राहते. जात ओळखण्यासाठी काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. मागच्या टोकावरील श्वासरंध्रांवरून ती ओळखता येते.

अळ्या जखम साफच करतात, असा आक्षेप येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निर्जंतुक ल्युसिलिया सेरिकाटा माशीच्या अळ्यांबाबत तो खराही आहे. पण भारतात आढळणारी क्रायसोमिया बेझियाना माशीच्या अळ्या जिवंत मांस खातात आणि तिची अंडी दिवसभरात फुटतात. नाकातल्या अळ्या डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचू शकतात, तेव्हा थांबणे घातकच. टर्पेंटाइनच्या बोळ्याने बाहेर आलेल्या अळ्या चिमट्याने काढतात, मृत भाग कापतात, धनुर्वाताची लस देतात. संसर्ग खोल असल्यास आयव्हरमेक्टिनही देतात. एका बैठकीत सगळ्या अळ्या क्वचितच निघतात, म्हणून जखम रोज उघडून पाहावी लागते.