विद्यापीठीय व्यवस्थापन शिक्षणासाठी खासगी निधी

विद्यापीठाच्या वाणिज्य किंवा व्यवस्थापन विभागाची स्थापना, विस्तार अथवा सुधारणा करण्यासाठी शासकीय अनुदान आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांखेरीज जो पैसा व्यक्ती, कुटुंबे, न्यास, उद्योगसमूह व माजी विद्यार्थी यांच्याकडून उभा केला जातो, त्यास विद्यापीठीय व्यवस्थापन शिक्षणासाठीचा खासगी निधी म्हणतात. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था होय.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, परंतु त्याच्या ओळखीच्या वास्तू सरकारी तिजोरीपेक्षा व्यापाऱ्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या. दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ साली कापसाची तेजी कोसळली आणि खुद्द प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले. देणगी मात्र त्याआधीच विद्यापीठाच्या पदरात पडली होती. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला.

वाणिज्य शिक्षणाची वाटचालही बरीचशी अशाच आधारावर झाली. माटुंग्याचे रा. आ. पोदार वाणिज्य महाविद्यालय (१९४१) पोदार कुटुंबाच्या औदार्यातून उभे राहिले. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली सुरू केलेल्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे नाव प्रदेशावरून पडले असावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या देणगीदार कंपनीवरून आले आहे. या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे होते.

परदेशात ही प्रथा याहून जुनी आहे. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने १८८१ साली एक लाख डॉलर देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूलचा पाया घातला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची व्यवसाय शाखा १९२५ साली सुरू झाली, तीही हर्बर्ट हूव्हर या माजी विद्यार्थ्याच्या पुढाकाराने आणि पश्चिम किनाऱ्यावरील व्यावसायिकांनी दिलेल्या पैशातून.

जमनालाल बजाज संस्था

याच स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाने १९६५ साली चर्चगेट येथे आपली व्यवस्थापन संस्था सुरू केली. बजाज कुटुंबाच्या न्यासाचे साहाय्य तिला लाभले आणि वर्ध्याचे उद्योजक व महात्मा गांधींचे निकटवर्ती जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांचे नाव तिला देण्यात आले. संपत्तीचा मालक हा तिचा विश्वस्त असतो, या गांधीविचाराशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, त्यांच्या नावाच्या संस्थेने पुढे बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे प्रमुख घडवावेत, यात थोडी गंमतही आहे. उदय कोटक व अजय पिरामल हे येथील माजी विद्यार्थी. वर्तमानपत्रांनी संस्थेला ‘सीईओ फॅक्टरी’ असे टोपणनाव दिले.

संस्था विद्यापीठाचा विभाग असल्याने दीर्घकाळ तिचे शुल्क अत्यल्प राहिले. हे तिचे बलस्थान होते आणि अडचणही. पदवीधरांचे वेतन देशातील अग्रगण्य संस्थांच्या तोडीचे, तर वर्गखोल्या, ग्रंथालय व अध्यापकसंख्या राज्य विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात बसतील एवढ्याच. २०१४ साली संस्थेस स्वायत्तता मिळाली. त्यानंतर अभ्यासक्रम ठरविण्याची मोकळीक आली, त्याबरोबर शुल्कही वाढले. शुल्क न वाढविता दर्जा राखावयाचा, तर माजी विद्यार्थी व उद्योगसमूह यांच्याकडे वळण्यावाचून अशा संस्थांना फारसा मार्ग उरत नाही.

निधीचे प्रकार आणि हिशेब

देणगी दोन प्रकारे वापरता येते. एक, ती थेट खर्च करणे. यातून इमारत, संगणक कक्ष किंवा सभागृह होते. दुसरा, ती गुंतवून केवळ व्याज वापरणे. यास अक्षय निधी म्हणतात. देणगीदारास पहिला प्रकार अधिक भावतो, कारण इमारतीवर कोनशिला बसते. छताच्या गळतीवर किंवा सफाईच्या वेतनावर कोणी आपले नाव कोरून घेत नाही.

अक्षय निधी किती मोठा असावा लागतो, हे साध्या गणिताने कळते. एक कोटी रुपये सात टक्के व्याजाने गुंतविल्यास वर्षाला सात लाख रुपये मिळतात. सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,९२,४०० रुपये आहे. महागाई भत्ता धरला की एक कोटीच्या व्याजात एक कनिष्ठ अध्यापकही पोसला जात नाही. शिवाय महागाईबरोबर मुद्दल वाढवीत राहावे लागते ते वेगळेच. म्हणूनच भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबादच्या दहा माजी विद्यार्थ्यांनी २०२० साली अक्षय निधी सुरू केला, तेव्हा प्रारंभीची रक्कम शंभर कोटी रुपये होती. मुंबईतच पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेची व्यवस्थापन शाखा (स्थापना १९९५) शैलेश मेहता या माजी विद्यार्थ्याच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच संस्थेस नंदन निलेकणी यांनी २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिले. राज्य विद्यापीठांच्या विभागांकडे या प्रमाणात पैसा आलेला नाही.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. शिक्षण त्यात येते. मात्र जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या मूळ निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. त्यामुळे या वाटेने येणारा पैसा अक्षय निधीस उपयोगी पडत नाही. व्यक्तींना देणगीवर मिळणारी प्राप्तिकर वजावटही नव्या करप्रणालीत लागू नाही.

देणगी व ‘डोनेशन’

मराठीत हे दोन शब्द आता समानार्थी राहिलेले नाहीत. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढे प्रवेशाच्या बदल्यात पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेस ‘डोनेशन’ हे नाव पडले. या प्रथेस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ साली प्रवेशशुल्काव्यतिरिक्तच्या अशा वसुलीवर बंदी घालणारा कायदा केला, तर मोहिनी जैन खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली अवैध ठरविली. खऱ्या देणगीची कसोटी सोपी आहे: तिच्यामुळे देणाऱ्याच्या पाल्यास प्रवेश मिळता कामा नये. तरीही निधी मागणाऱ्या प्रामाणिक विभागप्रमुखाकडे या शब्दामुळे आजही संशयाने पाहिले जाते.

नामकरणाचा प्रश्न

नाव विकावे काय, हा वाद सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्यवसाय शाखेस २००७ साली तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने साडेआठ कोटी डॉलर दिले, ते किमान वीस वर्षे शाखेस कोणाचेही नाव देऊ नये या अटीवर. याउलट हार्वर्ड बिझनेस स्कूलला टाटा समूहाने २०१० साली पाच कोटी डॉलर दिले व तेथे ‘टाटा हॉल’ उभा राहिला. हा पैसा देशातील एखाद्या विद्यापीठास का दिला नाही, असा प्रश्न तेव्हा भारतात विचारला गेला.

कोकणातील विद्यार्थ्यांशी संबंध

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपुरते नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यात येतात. अलिबाग तालुक्यातील किहीमसारख्या गावातून अलिबागेत पदवी घेणारा विद्यार्थीही याच विद्यापीठाचा पदवीधर असतो. त्याची अडचण प्रवेशानंतर सुरू होते. किहीमहून मांडवा बंदर जवळ आहे व तेथून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचा जलप्रवास सुमारे तासाभराचा. पण गेटवेची लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. वडखळ-पेणमार्गे रस्त्याने रोज ये-जा शक्य नसते आणि दक्षिण मुंबईत खोली भाड्याने घेणे सामान्य कुटुंबास झेपत नाही. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने वातानुकूलित सभागृहापेक्षा वसतिगृहातील एक खाट व शुल्काची शिष्यवृत्ती अधिक मोलाची असते. देणग्यांच्या यादीत मात्र या बाबी क्वचितच अग्रभागी असतात.