परळ

परळ : मुंबईच्या जुन्या सात बेटांपैकी उत्तरेकडील एक बेट व सध्याच्या मध्य मुंबईतील एक प्रसिद्ध विभाग. स्थान सु. १९° उ. अक्षांश व ७२° ५०′ पू. रेखांश. आजच्या व्यवहारात परळ या नावाने दक्षिणेस लालबाग, उत्तरेस दादर-नायगाव, पूर्वेस शिवडी आणि पश्चिमेस रेल्वेमार्गांपलीकडील लोअर परळ यांच्या दरम्यानचा भाग ओळखला जातो. जुन्या बेटाची व्याप्ती यापेक्षा बरीच मोठी होती. शिवडी, वडाळा, माटुंगा, शीव व धारावी ही गावे त्यात मोडत आणि उत्तरेस खाडी ओलांडली की साष्टी लागे. सात ही संख्याही फार काटेकोर मानू नये. ओहोटीच्या वेळी ही बेटे चिखलवाटांनी एकमेकांस जोडली जात आणि भरतीच्या वेळी विलग होत. त्यामुळे बेटे किती, याचे उत्तर पाहणाऱ्याने कोणत्या वेळी पाहिले यावरही अवलंबून असे.

परळ हे नाव पाडळ या वृक्षावरून पडले, असे एक मत आहे. दुसऱ्या एका परंपरेनुसार परळी वैजनाथ या देवस्थानाशी त्याचा संबंध जोडतात. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण चिंचपोकळी, वडाळा यांसारखी मुंबईतील अनेक स्थलनामे झाडांशीच जोडली जातात.

भूरचना : मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी काळ्या खडकाच्या ठेंगण्या टेकड्यांची एक तुटक रांग माझगावपासून शीवपर्यंत गेलेली आहे. परळ-शिवडीकडील गोलंजी टेकडी या रांगेतीलच होय. पश्चिमेकडील दुसरी रांग मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत जाते. या दोन रांगांमधील भूमी मात्र सखल असून वरळीजवळच्या खिंडारातून समुद्राचे पाणी भरतीच्या वेळी थेट आत येई. तेथे भातखाचरे, मिठागरे, खाजण आणि दलदल यांखेरीज काही नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी बांधाने हे खिंडार बुजविण्यात आले व परळ आणि वरळी यांमधील जमीन हळूहळू कोरडी झाली. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा डंकन बांध १८०५ मध्ये पुरा झाल्यावर परळवरून जाणारा रस्ता हा मुंबईहून साष्टीकडे जाण्याचा मुख्य मार्ग बनला. पाणी हटले, तरी जमिनीची पातळी बदलली नाही. हिंदमाता चौकाच्या परिसरात पावसाळ्यात साचणारे पाणी हे त्या जुन्या सखल भूमीचेच स्मरण होय. तेथील पाणी साठविण्यासाठी २०२१ नंतर महानगरपालिकेने जवळच्या उद्यानांखाली व मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या.

प्राचीन अवशेष : परळच्या प्राचीनत्वाची साक्ष देणाऱ्या दोन वस्तू उपलब्ध आहेत. त्यांतील पहिली म्हणजे परळ गावातील बारादेवी मंदिरात असलेला शिवाचा प्रचंड शिलापट्ट. १९३१ मध्ये परळ व शिवडी यांमधील रस्त्याचे काम चालू असताना तो सापडला. त्याची उंची सु. ३·५ मी. असून मध्यभागी एकावर एक अशा तीन शिवमूर्ती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस तिरप्या दिशेने उमलल्याप्रमाणे निघालेल्या चार मूर्ती, अशी त्याची रचना आहे. पायाशी वाद्ये वाजविणारे गण दिसतात. काही भाग अपुरा राहिलेला आहे. शैलीवरून हा शिलापट्ट सामान्यतः सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. म्हणजे घारापुरीच्या लेण्यांशी त्याचे काळाने व कलेने निकटचे नाते आहे. ग्रामदेवतेच्या लहानशा देवळात, चाळी व रुग्णालये यांच्या गर्दीत असलेले हे शिल्प भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासकांना जितके परिचित आहे, तितके मुंबईकरांना नाही.

दुसरी वस्तू म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा इ. स. ११८७ मधील शिलालेख. साष्टीतील महवली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून २४ द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे. लेखाची भाषा संस्कृत. परंतु दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मात्र तत्कालीन मराठीत असून त्याखाली गाढवाचे चित्र कोरलेले आहे. दान कोणी दिले हे संस्कृतात लिहिले तरी चाले. धमकी मात्र लोकांना समजेल अशाच भाषेत देणे भाग होते. त्यामुळे मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत परळच्या या लेखाची नेहमी गणना होते.

पोर्तुगीज व इंग्रज अंमल : शिलाहारांनंतर यादव, माहीमचे बिंब घराणे व गुजरातचे सुलतान यांचा अंमल येथे झाला. १५३४ च्या वसईच्या तहाने हा सर्व टापू पोर्तुगीजांकडे गेला व परळ, वडाळा, शीव या गावांच्या जमिनी पुढे जेझुइट संघाकडे आल्या. परळ येथे त्यांनी मठ व प्रार्थनामंदिर उभारले. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. परंतु या आंदणात नेमके काय येते, यावरून १६६५ मध्ये ताबा घेताना मोठा वाद झाला. माहीम, परळ इ. उत्तरेकडील भाग हे मुंबई बेटाहून वेगळे आहेत, असे पोर्तुगीजांचे म्हणणे होते. भूगोलाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. ओहोटीत पायी जाता येते, म्हणून ते एकच बेट होय, हा इंग्रजांचा पक्ष बळाच्या जोरावर टिकला. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली.

जंजिऱ्याचा सिद्दी याकूत याने १६८९ मध्ये शिवडीला उतरून माझगाव व माहीम घेतले आणि वर्षभर मुंबईच्या किल्ल्याची कोंडी केली. या स्वारीत जेझुइटांनी सिद्दीला मदत केल्याचा आरोप कंपनीने ठेवला व त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळचा मठही १७१९ च्या सुमारास सरकारजमा झाला.

या मठाच्या इमारतीचेच पुढे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान झाले. विल्यम हॉर्नबी (कार. १७७१–८४) हा येथे कायम वास्तव्य करणारा पहिला गव्हर्नर होय. मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) याने वास्तूचा विस्तार केला. न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश याचा मुक्काम येथे असताना २६ नोव्हेंबर १८०४ रोजी मुंबईच्या साहित्यसभेची स्थापना याच वास्तूत झाली. मुंबईची एशियाटिक सोसायटी ही तिचीच उत्तराधिकारी. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येथे उतरला होता. त्या काळी परळ म्हणजे शहराबाहेरचे, बागबगीच्यांचे व धनिकांच्या बंगल्यांचे गाव होते; गिरण्यांच्या धुराने ही स्थिती पालटली. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याच्या पत्नीचा येथे पटकीने अंत झाला आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार टेकडीच्या टोकास आपले निवासस्थान हलविले. वरिष्ठांना राहण्यास जी जागा अयोग्य ठरली, तिच्या आसपास पुढील चाळीस वर्षांत लक्षावधी कामगार राहू लागले.

रुग्णालये व संशोधन : १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी येथे ग्रंथिक सन्निपाताची (प्लेगची) साथ उद्भवली. व्हाल्डेमार हाफकिन याने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. रिकाम्या पडलेल्या परळच्या राजभवनाचा उपयोग साथीत रुग्णालय म्हणून झाला व १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा तेथे आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ मध्ये लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाल्यानंतर हाफकिनवर ठपका ठेवण्यात आला. पुढे तो दोषमुक्त ठरला, तरी परळच्या प्रयोगशाळेचे संचालकपद त्याला परत मिळाले नाही. संस्थेला त्याचे नाव मिळाले, ते या घटनेनंतर सु. दोन तपांनी.

प्राण्यांसाठीचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि पशुवैद्यक महाविद्यालय (१८८६) ही परळमध्येच स्थापन झाली. १९२६ मध्ये सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. शिकविण्याच्या व उपचारांच्या जागांवर भारतीय वैद्यांचीच नेमणूक व्हावी, या आग्रहातून ती संस्था उभी राहिली. वाडिया प्रसूतिगृह व बालरुग्णालय हीही त्याच दशकातली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व कर्करोगावरील उपचारांसाठी सर्व देशातून रुग्ण येथे येऊ लागले. त्यांच्यापैकी अनेकांना निवाऱ्याअभावी आसपासच्या पदपथांवर राहावे लागते. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांसाठी व त्यांच्या नातलगांसाठी मोठाच आधार ठरली आहे.

गिरणगाव : मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेव येथे १८५४ मध्ये स्थापन झाली. स्वस्त सखल जमीन, तलावांचे पाणी आणि दोन्ही लोहमार्गांचे सान्निध्य यांमुळे गिरण्यांचा विस्तार परळ, लालबाग व लोअर परळकडे झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कारखाना १८७९ मध्ये परळला आला. कामगार मुख्यत्वे रत्नागिरी, सातारा व कोल्हापूरकडील. बहुतेक जण कुटुंब गावी ठेवून येत. एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी बहुधा कामगारांच्याच घरच्या स्त्रिया चालवीत. त्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गिरणगावाच्या इतिहासात संपांची वर्णने विपुल आहेत. लक्षावधी माणसांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या स्त्रियांचा उल्लेख त्या मानाने अत्यल्प आढळतो.

१९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) येथे चाळी बांधल्या. मजल्यावर वीस खोल्या, खोली सु. १६० चौ. फुटांची व शौचालये सामायिक, अशी त्यांची योजना होती. सुरुवातीस त्या तुरुंगासारख्या वाटल्याने कामगार तेथे राहावयास तयार नसत. पुढे मात्र याच चाळींचे व्हरांडे आणि पटांगणे भजनीमंडळे, व्यायामशाळा, कबड्डी व गणेशोत्सव यांची केंद्रे बनली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सु. ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर वेतन या त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह (१९२२) हे कामगार रंगभूमीचे माहेरघर होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उदयास आली व परळ-लालबाग हा साम्यवादी पक्षाचा बालेकिल्ला झाला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी व नारायण सुर्वे यांची कविता या भूमीशी निगडित आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा विभाग अग्रभागी होता. १९७० मध्ये परळचे साम्यवादी आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. गिरणगावातील राजकीय निष्ठांचे पालटते स्वरूप या निकालाने उघड झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला. तो औपचारिक रीत्या कधीही मागे घेण्यात आला नाही. केवळ या संपामुळे गिरण्या बुडाल्या, हे सर्रास केले जाणारे विधान मात्र अपुरे आहे. यंत्रसामग्रीचे नूतनीकरण मालकांनी दीर्घकाळ टाळले होते, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती आणि गिरणीतील कापडापेक्षा तिच्याखालच्या जमिनीचे मोल अधिक झाले होते. शहरातील ५८ गिरण्यांची जमीन सु. ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकास होणाऱ्या जमिनीचे साधारण तीन वाटे करून त्यांतील दोन खुली जागा व सार्वजनिक गृहनिर्माण यांसाठी ठेवले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली व सार्वजनिक वाटा कमालीचा आटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला प्रतिकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरविला. गिरण्यांच्या जागी कार्यालये, बाजारसंकुले व उत्तुंग निवासी मनोरे उभे राहिले. कामगारांसाठी गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांची एक मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदारांच्या मानाने घरे फारच थोडी होती.

कार्यालयांत येणाऱ्यांची संख्या वाढली, तरी रस्ते, पूल व स्थानके पूर्वीचीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी असे ठेवण्यात आले आणि मार्च २०१९ मध्ये परळ हे उपनगरी गाड्यांचे अंतिम स्थानक झाले.